शिखर कुणाचं: जगाचं की यंत्राचं?



आजचा विषय वाचून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्राचा डिटेक्टर कसा बसवायचा आणि कसा राखायचा, हा प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा विषय. आम्ही तत्त्वज्ञानाचे. मग इथे आमचं काय काम? काम आहे. एखादी गोष्ट 'आहे' किंवा 'नाही' हे आपल्याला कशावरून कळतं, हा आमच्या शास्त्राचा फार जुना प्रश्न. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न ग्रंथालयातून उठून प्रयोगशाळेतल्या टेबलावर जाऊन बसला. पाण्यात कीटकनाशक आहे का? हवेत अमुक वायू आहे का? द्राक्षात तमुक औषधाचा अंश राहिला आहे का? या प्रश्नांवर कारखाने बंद पडले, बागायतदार अडचणीत आले, देशादेशांत करार झाले. आणि उत्तर द्यायला उभं होतं मुठीत मावेल एवढं एक उपकरण. त्याचा इतिहास आज आपण पाहू. पाहताना एकच प्रश्न हातात धरू: कागदावर जे शिखर उमटलं, ते जगाचं की यंत्राचं?

डोळा होता तोवर

सुरुवात रंगापासून झाली. मिखाइल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वॉर्सात काम करत होता. १९०३ च्या सुमारास त्याने पानांतली रंगद्रव्यं खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून खाली सोडली. हिरवे, पिवळे पट्टे वेगवेगळे झाले. या पद्धतीला त्याने क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगलेखन, असं नाव दिलं. गंमत अशी की 'त्स्वेत' या रशियन शब्दाचा अर्थही रंगच. इथे वेगळं डिटेक्टर लागत नव्हतं. माणसाचा डोळाच डिटेक्टर होता.

पुढे १९४१ मध्ये इंग्लंडात लीड्सच्या लोकर-संशोधन संस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी ही पद्धत फार पुढे नेली. त्यासाठी त्यांना १९५२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या १९४१ च्या लेखात एक सूचना होती: नळीतून वाहणारा पदार्थ द्रवच असला पाहिजे असं नाही, तो वायूही चालेल. दहा वर्षं ती सूचना तशीच पडून राहिली. शेवटी मार्टिनने स्वतःच लंडनजवळच्या मिल हिल इथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ए. टी. जेम्स यांच्याबरोबर ती हाती घेतली, आणि १९५२ मध्ये गॅस क्रोमॅटोग्राफी जगासमोर आली.

तिचं तत्त्व सोपं आहे. बाजारपेठेतल्या एका लांब गल्लीत दहा माणसं एकदम सोडली अशी कल्पना करा. एक जण सरळ चालत टोकाला पोहोचतो. दुसरा प्रत्येक दुकानापाशी रेंगाळतो. गल्ली म्हणजे ती लांब नळी, कॉलम. माणसं म्हणजे मिश्रणातले पदार्थ. त्यांना पुढे ढकलणारा वारा म्हणजे वाहक वायू. एकत्र निघालेले पदार्थ टोकाला वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. पण टोकाला ते पोहोचले हे कळणार कसं? वायूला रंग नाही, डोळ्याला काही दिसत नाही. म्हणून गल्लीच्या तोंडाशी एक नोंद करणारा बसवावा लागतो. तो म्हणजे डिटेक्टर. आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवू, पुढे ती लागणार आहे. हा नोंद करणारा चेहरा ओळखत नाही. किती वाजता आलं आणि किती आलं, एवढंच तो लिहितो. नाव आपण देतो.

तार आणि ज्योत

जेम्स आणि मार्टिन यांनी पहिल्यांदा मेदाम्लं मोजली ती साध्या टायट्रेशनने. बाहेर पडणारं आम्ल अल्कली वापरून उदासीन करायचं, आणि किती अल्कली लागली ते मोजायचं. हे फक्त आम्लांना आणि अमोनियासारख्या अल्कधर्मी पदार्थांना जमतं. म्हणून सर्वांना चालेल अशा डिटेक्टरचा शोध सुरू झाला.

त्यातला एक म्हणजे उष्णतावहनाचा डिटेक्टर. वायूच्या प्रवाहात एक तापलेली बारीक तार ठेवायची. हायड्रोजन किंवा हीलियम तारेची उष्णता झपाट्याने वाहून नेतात. त्यांच्याबरोबर दुसरा पदार्थ आला की तार थोडी जास्त तापते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि नोंद होते. याचा पहिला नियम आजही प्रत्येक शिकाऊ मुलाला सांगतात: आधी वायू, मग वीज, बंद करताना आधी वीज, मग वायू. हा क्रम चुकला की तार जळते.

दुसरा ज्योतीचा. १९५७-५८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात मॅकविल्यम आणि ड्युअर, आणि दक्षिण आफ्रिकेत हार्ली, नेल आणि प्रिटोरियस, अशा दोन गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तो काढला. हायड्रोजनची बारीक ज्योत. तिच्यात कार्बनी पदार्थ जळला की विद्युतभारित कण तयार होतात आणि अतिसूक्ष्म प्रवाह वाहतो. या ज्योतीचं राखणं म्हणजे घरातल्या स्टोव्हच्या राखणीसारखंच. हवा साधारण हायड्रोजनच्या दहापट लागते. ज्योत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नळीच्या तोंडाशी थंड चकचकीत धातू धरायचा. त्यावर वाफ धरली तर ज्योत पेटली. डिटेक्टर पुरेसा तापलेला नसेल तर हेच पाणी आत साठतं. कॉलममधल्या सिलिकोनचा अंश जळून जेटवर सिलिकाची पांढरी भुकटी जमते. ती साफ करावी लागते, नाहीतर रेषा थरथरायला लागते. आणि कॉलम जोडलेला नसताना हायड्रोजन कधीही चालू ठेवायचा नाही. तो भट्टीत भरतो आणि स्फोट होतो.

हे दोन्ही डिटेक्टर प्रामाणिक, पण त्यांची नजर बेताची. जगाचा इतिहास बदलला तो तिसऱ्याने.

उणेपणातून कळणारा

जेम्स लव्हलॉक त्याच मिल हिलच्या संस्थेत होते. पुढे 'गाया'च्या कल्पनेमुळे ते जगभर माहीत झाले आणि २०२२ मध्ये, आपल्या १०३ व्या वाढदिवशी वारले. पन्नाशीच्या दशकात ते गोठलेल्या पेशींवर काम करत होते आणि त्यांना पेशींच्या आवरणातली मेदाम्लं मोजायची होती. त्यांनी स्वतःच सांगितलेली हकिकत अशी: जेम्स आणि मार्टिन म्हणाले, तुमचा नमुना फारच थोडा आहे. एक तर जास्त आणा, नाहीतर याहून संवेदनशील डिटेक्टर तयार करा. लव्हलॉक यांनी दुसरं केलं.

१९५७ च्या सुमारास त्यांनी किरणोत्सारी पदार्थ वापरून जो डिटेक्टर बनवला, तो विचित्र वागायचा. काही पदार्थांना अवाच्या सवा प्रतिसाद द्यायचा, तर बहुतेकांना जवळजवळ काहीच नाही. सर्वांसाठी चालणारा डिटेक्टर हवा असेल तर हा दोषच. सर्वसाधारण कामासाठी त्यांनी वेगळा, आर्गॉनचा डिटेक्टर बनवला. पण विचित्र डिटेक्टर त्यांच्या डोक्यातून गेला नाही. तो पक्षपाती का वागतो, हे त्यांनी शोधून काढलं, आणि तो दोषच त्याचा गुण ठरला. हाच इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर. आपण त्याला इलेक्ट्रॉन पकडणारा म्हणू.

तो चालतो असा. एका छोट्या कुपीत किरणोत्सारी पत्रा असतो. आता बहुधा निकेल-६३ चा, ज्याचं अर्धायुष्य सुमारे १०० वर्षं. त्यातून निघणारे बीटा कण वाहक वायूवर आदळतात आणि मंद गतीच्या इलेक्ट्रॉनांचा ढग तयार होतो. त्यांचा एकसारखा प्रवाह वाहत राहतो. क्लोरीन, फ्लोरीन, ब्रोमीन असलेला रेणू आला की तो हे इलेक्ट्रॉन गिळतो आणि प्रवाह कमी होतो. त्या घटीची नोंद म्हणजे कागदावरचं शिखर. मंडळी, इथे थांबून विचार करा. हा डिटेक्टर काहीतरी आलं म्हणून बोलत नाही. काहीतरी गेलं म्हणून बोलतो. एका गोष्टीच्या अभावावरून दुसरीचा भाव त्याला कळतो. आणि कळतो तो ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागापर्यंत आणि त्याहूनही खाली.

राखणीचं शास्त्र

आता याची गैरसोय पाहा. इलेक्ट्रॉन फक्त कीटकनाशकच गिळतं असं थोडंच आहे? प्राणवायू गिळतो. पाण्याची वाफ त्रास देते. कॉलममधून, रबरी सेप्टममधून, हातमोज्यांतल्या प्लास्टिकमधून जे काही सुटतं, त्यातलं बरंच काही गिळतं. म्हणजे जगाला अतिसूक्ष्म नजरेने पाहणारा हा डोळा स्वतःच्या घरातली धूळही तितक्याच सूक्ष्मपणे पाहतो. म्हणून त्याची मांडणी म्हणजे एक व्रतच असतं.

वायू ९९.९९९ टक्के शुद्ध हवा. तरीही वाटेत ओलावा शोषणारी आणि मग प्राणवायू शोषणारी गाळणी बसवायची. सांधे घट्ट हवेत. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त आहे, मग गळती असली तरी हवा आत कशी येईल, असं वाटतं. पण येते. प्राणवायूचे रेणू फटीतून उलट दिशेनेही आत झिरपतात. गळती शोधायला साबणाचा फेस लावायचा नाही, कारण तो फेसच पुढे घाण म्हणून दिसतो. नवा कॉलम तापवून स्वच्छ करताना त्याचं दुसरं टोक डिटेक्टरला जोडायचं नाही. डिटेक्टरचं तापमान कॉलमच्या वर ठेवायचं, म्हणजे आत काही थिजणार नाही. क्लोरीनयुक्त द्रावकाचा मागमूस नको. आणि मग थांबायचं. रेषा स्थिर व्हायला तास लागतात, कधी रात्र जाते. घाई इथे चालत नाही.

कुपी मळली की ती स्वतःच सांगते. जुन्या यंत्रात स्थिर प्रवाह घटायचा. नव्या यंत्रात तो प्रवाह कायम राखण्यासाठी विजेचे ठोके वाढवावे लागतात, म्हणून ठोक्यांचा आकडा चढत जातो. तो आकडा रोज वहीत लिहायचा. आजचा एकटा आकडा मुका असतो. महिन्याभराच्या आकड्यांशेजारी ठेवला की बोलतो. आणि कुपी मळली म्हणून उघडून घासायची नाही, कारण आत किरणोत्सारी पत्रा आहे. तापवून, शुद्ध वायू सोडून ती साफ करतात. बाहेरून किरणोत्साराची गळती नाही ना, हे ठरावीक मुदतीने पुसून तपासायचं. आपल्याकडे अशा स्रोतांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते.

सगळ्यात महत्त्वाचं काम नमुना घालण्याआधीचं. आधी काहीच न घालता यंत्र चालवायचं, निव्वळ द्रावक. याला ब्लँक म्हणतात. मग माहीत असलेलं प्रमाण घालायचं. मग नमुना. मग पुन्हा ब्लँक. काही न घालता जे शिखर उमटतं ते यंत्राचं. तंत्रज्ञ हे रोज करतो आणि त्याला ज्ञानमीमांसा म्हणत नाही. आम्ही म्हणतो.

घाण समजली गेली असती अशी शिखरं

आता दोन घटना. पहिली स्वीडनमधली. १९६२ मध्ये रेचल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' आलं आणि डीडीटीवर जगभर वाद पेटला. पुढच्या काळात इलेक्ट्रॉन पकडणाऱ्या डिटेक्टरने त्या वादाला आकडे पुरवले. १९६६ मध्ये तर अंटार्क्टिकातल्या पेंग्विनच्या शरीरातही डीडीटीचे अंश सापडल्याचं प्रसिद्ध झालं. जिथे कधी फवारणी झाली नाही, तिथे.

स्वीडनचे सोरेन येन्सेन हेही डीडीटीच शोधत होते. त्यांच्या आलेखांवर डीडीटीशेजारी काही अनोळखी शिखरं येत राहिली. आळशी माणूस म्हणाला असता, यंत्र मळलंय. येन्सेन यांनी दोनेक वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. संग्रहालयात जपलेली गरुडाची जुनी पिसं तपासली. १९४४ च्या पिसातही तो पदार्थ होता, म्हणजे डीडीटीचा सर्रास वापर सुरू होण्याआधीही. घरच्यांच्या केसांतही होता. १९६६ मध्ये त्यांनी जाहीर केलं: ही पीसीबी नावाची रसायनं, विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरली जाणारी. ती निसर्गात सर्वदूर पसरली होती आणि कुणी शोधत नव्हतं म्हणून कुणाला दिसली नव्हती. ती शिखरं जगाची होती. पण असं म्हणण्याचा हक्क ज्याचं यंत्र स्वच्छ आहे त्यालाच मिळतो. मळलेल्या यंत्रावर अनोळखी शिखर आलं असतं तर त्याचं काहीच करता आलं नसतं.

दुसरी घटना लव्हलॉक यांचीच. १९७१ च्या अखेरीस 'शॅकलटन' या संशोधन-जहाजावर आपलं घरी बनवलेलं उपकरण घेऊन ते इंग्लंडहून दक्षिणेकडे निघाले. सरकारी अनुदानाचा त्यांचा अर्ज आधी नाकारला गेला होता. फ्रीजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरला जाणारा सीएफसी-११ हा वायू त्यांना अटलांटिकवर उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सगळीकडे सापडला. प्रमाण साधारण लाख कोटी भागांत ५०. लाख कोटी सेकंद म्हणजे सुमारे ३१,७०० वर्षं होतात. त्यातले ५० सेकंद, इतकं. १९७३ मध्ये 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध करताना त्यांनी लिहिलं की या वायूंपासून धोका संभवत नाही.

पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी त्याच आकड्यांचा वेगळा अर्थ लावला. हे वायू खाली कशाने मोडत नाहीत, म्हणून साठत जातात आणि वर ओझोनच्या थरात जाऊन मोडतात. सुटलेला क्लोरीन ओझोन नष्ट करतो. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर ओझोन घटल्याचं दाखवलं. त्यांनाही आधी स्वतःच्या उपकरणाचीच शंका आली होती. दुसरं उपकरण नेऊन पडताळल्यावरच त्यांचा विश्वास बसला. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि १९९५ मध्ये मोलिना, रोलँड आणि पॉल क्रुट्झेन यांना नोबेल.

लव्हलॉक यांना दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. त्यांचा आकडा खरा होता, म्हणूनच दुसऱ्यांना त्याचा योग्य अर्थ लावता आला. मोजणं आणि अर्थ लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. अर्थ चुकला तर तो पुढे दुरुस्त करता येतो. मोजणीच गढूळ असेल तर दुरुस्त करायला काही उरत नाही.

'सापडलं नाही' म्हणजे काय?

आता आमच्या शास्त्राकडे येऊ. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. समोरच्या जमिनीवर घट नाही, हे ज्ञान मला घट न दिसण्यातून होतं. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण कशाला, हे प्रत्यक्षातच आलं. वाद मोठा आहे. पण एका अटीवर दोघांचं एकमत आहे. न दिसणं 'योग्य' असलं पाहिजे. म्हणजे घट असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती पाहिजे. काळोखात घट दिसला नाही म्हणून घट नाही असं म्हणता येत नाही. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात.

प्रयोगशाळेच्या अहवालात 'आढळले नाही' असा शेरा असतो. तो वाचताना हीच अट विचारायची. असतं तर आढळलं असतं का? यंत्र स्वच्छ होतं का? किती कमी प्रमाणापर्यंत त्याला दिसतं? आणि मुळात ते शोधलं होतं का?

हा शेवटचा प्रश्न आपल्या नाशिक, सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांनी सोसलेला आहे. २००३ मध्ये युरोपात कीटकनाशकांच्या अंशांवरून आपल्या द्राक्षांबाबत तक्रारी झाल्यावर इथे तपासणीची चांगली व्यवस्था उभी राहिली. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची संदर्भ प्रयोगशाळा आहे. तरीही २०१० च्या हंगामात माल युरोपात पोहोचल्यावर क्लोरमेक्वाट क्लोराईड हे वाढनियंत्रक मर्यादेपेक्षा जास्त निघालं. मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. इथल्या तपासणीत ते आलं नव्हतं, कारण तपासायच्या यादीत ते नव्हतंच. शिवाय ते गॅस क्रोमॅटोग्राफीने सहज सापडणारं रसायन नाही. त्याला वेगळं यंत्र लागतं. अहवाल खोटा नव्हता. अहवाल जे सांगत नव्हता तेही आपण त्यात वाचलं, आणि त्याची किंमत बागायतदारांनी मोजली.

उलट बाजूचं उदाहरण २००३ च्याच ऑगस्टमधलं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचं जाहीर केलं. गदारोळ झाला. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. तिने फेब्रुवारी २००४ च्या अहवालात अंश असल्याचं मान्य केलं. पण मधल्या काळात वाद झाला तो चाचणीची पद्धत आणि पुष्टी यांवर. आठवा, गल्लीच्या टोकाचा तो नोंद करणारा चेहरा ओळखत नाही. त्याच वेळी पोहोचणारा दुसराही कुणी असू शकतो. म्हणून वेगळ्या जातीच्या कॉलमवर पुन्हा पाहतात, किंवा रेणूचा चेहराच ओळखणारं मास स्पेक्ट्रोमीटर लावतात. आरोप जितका मोठा, तितकी पुष्टी पक्की लागते. उद्योगाच्या सोयीसाठी नव्हे, आरोप टिकावा म्हणून.

तेव्हा मंडळी, आपल्या विहिरीच्या पाण्याचा किंवा बागेतल्या मालाचा अहवाल हातात आला तर तीन गोष्टी विचारा. काय शोधलं? किती खालपर्यंत शोधता येत होतं? आणि ब्लँकमध्ये काय आलं? विचारायला संकोच करू नका. चांगला तंत्रज्ञ हा प्रश्न ऐकून रागावत नाही. आपली वही पुढे करतो. त्या वहीत रोज सकाळी, काहीच घातलेलं नसताना, यंत्राने काय दाखवलं ते लिहिलेलं असतं. येन्सेन यांची शिखरं आणि लव्हलॉक यांचे आकडे टिकले, ते अशाच रोजच्या, कंटाळवाण्या राखणीवर.

इतकं बोलून आम्ही थांबतो. चिठ्ठ्यांवर प्रश्न आलेले दिसताहेत. ते आता एकेक घेऊ.